तिचं पहिलं नाव काय?

(महिला वाचन शिबिरात केलेलं भाषण)



माझा विषय ऐकून काहीजणी हसल्या. आपल्या शिबिरात अंतराळयानाच्या गोष्टी कशाला? त्याही टीव्ही मालिकेवरून लिहिलेल्या छोट्या कादंबऱ्या! वाङ्मयात त्यांना कोणी जागा देत नाही हे खरं. पण जिथे मान नसतो तिथे बाया राबत असतात, हा आपला नेहमीचा अनुभव. म्हणून हा विषय.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ चालली. पुढे ती आपल्या दूरदर्शनवरही दिसली. तिच्यात उहुरा नावाची काळी अधिकारी आहे. भूमिका निशेल निकोल्स यांची. यानाचं संदेशवहन उहुराच्या हाती. स्वाहिली भाषेत ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून तिचं नाव. त्या काळी अमेरिकन पडद्यावर काळी बाई बहुतेक वेळा मोलकरीणच असायची. त्यामुळे उहुराचं असणंच मोठं होतं. पण गंमत बघा. ७९ भाग झाले, तरी तिला पहिलं नाव मिळालं नाही! तिच्याबरोबरच्या आशियाई सुलूलाही नाही. कप्तान मात्र जेम्स कर्क, पूर्ण नावानिशी.

ही नावं दिली पुस्तकांनी. व्होंडा मॅकिन्टायर या लेखिकेनं १९८१ साली ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत सुलूचं नाव ‘हिकारू’ ठेवलं. ते पडद्यावर आलं १९९१ च्या चित्रपटात. उहुराचं ‘न्योटा’ हे नाव १९८२ मध्ये मालिकेवरच्या एका पुस्तकात छापलं गेलं. चित्रपटात ते ऐकायला २००९ साल उजाडलं.

१९८५ साली जॅनेट कॅगन यांनी ‘उहुराज् साँग’ लिहिली. एका ग्रहावर साथ पसरते. तिथल्या मैत्रिणीकडून उहुरा जुनी गाणी शिकलेली असते. त्या गाण्यांच्या आधारानं त्या लोकांच्या मूळ ग्रहाचा आणि औषधाचा शोध सुरू होतो. मालिकेत निरोप देणारी-घेणारी बाई इथे गोष्टीच्या मध्यभागी येते. आणि ज्ञान कुठे साठलेलं असतं? गाण्यात. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मालिकेच्या भागांवरून कथा लिहिण्याचं काम १९६७ पासून जेम्स ब्लिश यांच्याकडे होतं. पुस्तकं खपत होती. ब्लिश आजारी पडले. पुढच्या काही पुस्तकांचं बरंचसं काम त्यांची पत्नी जे. ए. लॉरेन्स आणि सासू म्युरिएल यांनी केलं. मुखपृष्ठावर नाव ब्लिश यांचंच. ते १९७५ मध्ये गेले. बारावं पुस्तक १९७७ साली आलं, तेव्हा कुठे लॉरेन्सबाईंचं नाव त्यांच्या नावाखाली लागलं. तेही आद्याक्षरांनी. त्यांचं नाव ज्युडिथ. मालिकेच्या पटकथा लिहिणाऱ्या डोरोथी फॉन्टाना यांनीही ‘डी. सी.’ एवढंच लावलं होतं, बाई आहे म्हणून कोणी संहिता बाजूला ठेवू नये यासाठी.

मला ब्लिश यांना खलनायक करायचं नाही. आजारी माणसाचं काम घरच्यांनी पुरं केलं, पोट चालवलं, यात वाईट काय? काहीच नाही. प्रश्न एवढाच, की घरातलं काम म्हटलं की नाव का पुसलं जातं? आपल्याकडे शेत नवऱ्याच्या नावावर, खुरपणारी बाई. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, गल्ल्यावर सून. तसंच हे.

शिवाय या कादंबऱ्यांतली पात्रं लेखिकेच्या मालकीची नसतात. ती कंपनीची. मॅकिन्टायर यांनी दिलेलं नाव चित्रपटवाल्यांनी वापरलं. पण हिकारू सुलू त्यांचा झाला नाही. तरीही बायांनी लिहिलं, कारण आपल्याला जी गोष्ट पाहायची आहे ती कोणी दाखवत नव्हतं. हेही मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटी आपल्याकडे वळते. आपल्या त्रैमासिकाचा गेला अंक मी चाळला. लेखिकांची नावं आहेत, संपादकांची आहेत. अक्षरजुळणी कोणी केली? मुद्रितं कोणी तपासली? पाकिटांवर पत्ते कोणी लिहिले? त्या बाया या खोलीतच बसल्या आहेत. पुढच्या अंकापासून त्यांची नावं छापावीत, पूर्ण नावं, असा ठराव मी मांडते. अनुमोदन कोण देतंय?