रंगमंचावरील हालचालींचे पहिले पाठ

(शिक्षकांच्या नाट्यप्रशिक्षण शिबिरात दिलेले व्याख्यान)



शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटक आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पडदा उघडतो. मध्यभागी ध्वनिक्षेपक उभा असतो आणि त्याच्याभोवती सहा-सात मुले अर्धवर्तुळ करून उभी असतात. ज्याचे वाक्य येईल तो एक पाऊल पुढे सरकतो, वाक्य म्हणतो आणि मागे होतो. राजा असो, शेतकरी असो वा सावकार असो, सर्वांची हालचाल एकच. संवाद चोख पाठ असतात, वेशभूषाही नेटकी असते. परंतु कोण कोणाला भितो, कोण कोणापासून काय लपवितो, यांपैकी काहीही प्रेक्षकाला दिसत नाही. ज्या मुलांना वाक्येच नसतात, ती तर अर्धा तास हात बांधून उभी राहतात आणि आपण नाटकात होतो की नव्हतो या संभ्रमात घरी जातात. याचा दोष मुलांना देता येणार नाही. रंगमंच नावाच्या जागेशी त्यांची ओळखच कोणी करून दिलेली नसते.

ही ओळख दिशांपासून सुरू होते. पहिला गोंधळ उजव्या-डाव्याचा. दिग्दर्शक समोर बसतो. त्याची उजवी ती नटाची डावी. म्हणून रंगसूचनांतील उजवी-डावी नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरावी, हा संकेत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. आपल्याकडील काही छापील नाटकांत मात्र ती प्रेक्षकांच्या बाजूने दिलेली आढळते. तेव्हा पुस्तक हाती घेताच लेखकाने कोणती बाजू धरली आहे ते पाहावे आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. दुसरा गोंधळ ‘अप स्टेज’ आणि ‘डाऊन स्टेज’ या शब्दांचा. युरोपातील जुन्या नाट्यगृहांत रंगमंच मागून पुढे उतरता असे. मागे जाणारा नट खरोखरच चढ चढत असे, पुढे येणारा उतरत असे. आपला रंगमंच सपाट असला तरी शब्द टिकून राहिले. ही हकीकत एकदा सांगितली की मूल ते शब्द विसरत नाही.

यासाठी सभागृह लागत नाही. मैदानावर चुन्याच्या फक्कीने एक आयत आखावा, त्याचे आडवे तीन व उभे तीन भाग करावेत. नऊ घरे झाली. पुढचे मध्य, मागचे उजवे अशी नावे पुकारावीत आणि मुलांनी त्या त्या घरात जावे. दोन दिवसांत हा खेळ अंगवळणी पडतो. मग पुढच्या मधल्या घरात उभा असलेला नट आणि मागच्या कोपऱ्यातील नट यांत नजर आधी कोणाकडे जाते, हे उरलेल्या मुलांना समोर बसवून विचारावे. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते.

हा विचार बाहेरून आलेला आहे असे कोणी समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग म्हणून एक प्रकरण आहे. रंगपीठावर एक फेरी मारली की स्थळ बदलले. आधी प्रवेश केलेली पात्रे घरात आहेत आणि नंतर येणारी बाहेरून येत आहेत असे मानावे, असे नियम त्यात आहेत. कोकणातील दशावतारात एका बाकावर सिंहासन, राजवाडा सारे काही उभे राहते. तमाशातील नट गिरकी घेऊन दुसऱ्या गावी पोचतो आणि प्रेक्षक ते निमूटपणे मान्य करतात. ज्या विद्यार्थ्याने गावच्या जत्रेत हे पाहिलेले आहे, त्याला चालण्याने स्थळ निर्माण होते हे निराळे शिकवावे लागत नाही. त्याला केवळ आठवण करून द्यावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘तू इकडून तिकडे जा’ असे सांगून मूल जाते खरे, परंतु ते बाहुलीसारखे जाते. त्याला कोठे जायचे हे सांगण्याआधी का जायचे ते विचारावे. मी एक पाठ नेहमी घेतो. पुढे डावीकडे एक खुर्ची, तीत वडील वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. मागे उजवीकडे घराचे दार. स्वयंपाकघराचे दार डावीकडे, वडिलांच्या पाठीमागे. मुलगी प्रगतिपुस्तक घेऊन घरी येते. गणितात ती नापास झाली आहे. तिला स्वयंपाकघरात आईकडे जायचे आहे. संवाद एकही नाही. कोठे थांबायचे, कोठे वळायचे, हे मी सांगत नाही. बहुतेक मुली भिंतीच्या कडेने सरकत जातात. वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज झाला की एखादी जागच्या जागी थिजते. नंतर तीच मुलगी, तेच दार, पण गणितात पहिला क्रमांक. आता ती सरळ वडिलांच्या पुढ्यात येते आणि वर्तमानपत्र बाजूला होण्याची वाट पाहते. रंगमंच तोच, वाट बदलली. ती वाट दिग्दर्शकाने आखून दिली असती तर मुलीने पावले मोजली असती.

तंत्राच्या गोष्टी यानंतर सांगाव्यात. त्या थोड्याच आहेत. दुसऱ्याच्या वाक्यावर उगाच हलू नये, नजर तुमच्याकडे वळते आणि त्याचे वाक्य वाया जाते. ‘मी येणार नाही’ असे म्हणून दाराकडे निघालात तर जाण्याला वजन येते. दारापर्यंत जाऊन, थांबून तेच म्हणालात तर वाक्याला वजन येते. सोबतच्या नटाला झाकू नये.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकाचा आरंभ शिक्षकांनी अवश्य वाचावा. दाराची कडी नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो, हे तेथे अगदी सहज बोलण्यातून सांगितलेले आहे. पुढे बेणारे पर्स उचलून निघू पाहते तेव्हा ते दार उघडत नाही. नाटकाचा सारा कोंडमारा त्या दारापर्यंतच्या चार पावलांत आहे. रंगसूचना ही कंसातील फालतू मजकूर असते असे समजून ती गाळून वाचणाऱ्यांना हे नाटक अर्धेच कळेल.

ज्यांना वाक्ये नाहीत त्यांचे काय? १९७२ साली पुण्यात आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांग हीच भिंत होते, पडदा होते, पाठ फिरविते आणि उघडते. त्या रांगेतील एकेका नटाला फारसे संवाद नाहीत, तरी रांगेवाचून नाटक उभे राहत नाही. वर्गात चाळीस मुले आणि नाटकात सात पात्रे ही अडचण आपल्यापुढे नेहमीच असते. बाजार, नदी, जंगल, सभा ही कामे उरलेल्यांना द्यावीत. मात्र प्रत्येकाला आपण कोण व येथे का आलो हे ठाऊक हवे. नाहीतर ती केवळ गर्दी होईल.

पंचायत सदस्यांसाठी दोन शब्द. गावोगावी खुले रंगमंच बांधले जातात ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी चौथरा आणि मागे सलग भिंत एवढेच असते आणि पायऱ्या समोरच्या बाजूला, म्हणजे पाहुण्यांना सत्कारासाठी चढण्याच्या सोयीच्या. नटाने प्रवेश करावा कोठून? दोन्ही बाजूंना मागच्या कोपऱ्यात पायऱ्या आणि भिंतीमागून एका बाजूने दुसरीकडे जाण्यापुरती वाट, एवढे नकाशातच धरले तर खर्चात फार फरक पडत नाही. चौथरा फार उंच करू नये, पुढे जमिनीवर बसलेल्यांना नटांची पावले दिसत नाहीत. गुळगुळीत फरशीही नको. भरताने मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद सांगितले, ते शब्द ऐकू यावेत आणि चेहऱ्यावरील भाव दिसावेत म्हणून. ध्वनिक्षेपकाने पहिली अडचण दूर केली. दुसरी तशीच आहे. म्हणून प्रेक्षकांची बैठक चौथऱ्यापासून फार दूर नेऊ नये.

दुपारच्या सत्रात आपण मैदानावर जाणार आहोत. फक्की, दोन खुर्च्या आणि एक जुने वर्तमानपत्र तेथे ठेवलेले आहे. प्रत्येकाने एक वही व पेन्सिल आणावी. पेन्सिलच आणावी, हालचाली पहिल्या तालमीत ठरतात त्या चौथ्या तालमीपर्यंत बदलतात आणि शाईने लिहिलेले खोडवत नाही.