सुट्टीतील वाचन, लेखन आणि शाळेची जबाबदारी

सहावी ते आठवी या इयत्तांत, म्हणजे शिक्षणव्यवस्था ज्याला उच्च प्राथमिक स्तर म्हणते त्या टप्प्यावर, वाचनाचे कामच बदलते. तोवर मूल वाचायला शिकत असते, आणि आता वाचूनच इतिहास, भूगोल व विज्ञान शिकावे अशी अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. ज्याला ओळी सफाईने वाचता येतात पण उताऱ्याचा अर्थ लागत नाही, असा विद्यार्थी याच वयात मागे पडतो आणि बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गरीब व सुस्थित घरांतील मुलांमधले अंतर शाळा चालू असताना कमी वेगाने वाढते आणि उन्हाळ्यात मात्र झपाट्याने रुंदावते, तसेच सुट्टीतील प्रगतीशी सर्वाधिक निगडित असलेली गोष्ट म्हणजे वाचन, असे त्यांना आढळले. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांमधील लहान मुलांना सलग तीन उन्हाळे, दर वर्षी १२ पुस्तके, तीही मुलांनी स्वतः निवडलेली, घरी दिली. ही मुले पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात सरस ठरली. दोन्ही अभ्यास परदेशातील असले, तरी पुस्तक हाताशी असणे आणि ते आपल्या आवडीचे असणे या दोन अटी महाराष्ट्रातील मुलांनाही तितक्याच लागू पडाव्यात.

लेखनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणा, असे सांगितले की लेखन हा वाचल्याचा पुरावा बनतो, आणि पुराव्यासाठी लिहिणारे मूल मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून मोकळे होते, यात दोष मुलाचा नाही. लेखनाला खरा वाचक मिळाला की ते बदलते. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले, ते मुलांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेले होते आणि ती वाचतील या भरवशावर लिहिले जात होते. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या सातवीच्या मुलीने तेथील विहिरीची, बाजाराची किंवा आजीच्या लोणच्याची हकीकत वर्गमैत्रिणीला पत्राने कळवली, तर तपशील निवडणे, क्रम लावणे आणि समोरच्याला काय ठाऊक नाही हे ओळखणे ही लेखनाची तिन्ही अंगे तिच्याकडून आपोआप घडतात. शुद्धलेखनाच्या चुका जूनमध्ये दाखवता येतील. मे महिन्यात पत्राला उत्तर येणे अधिक महत्त्वाचे.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून याच वयासाठी निघते, आणि त्याचे जुने अंकही अनेक शाळांच्या कपाटांत सापडतील. परंतु सुट्टी लागताच त्या कपाटांना कुलूप लागते, म्हणजे ज्या दिवसांत घरी पुस्तक नसलेल्या मुलाला त्यांची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ती बंद राहतात. म्हणून वार्षिक परीक्षेनंतरच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला स्वतः निवडून किमान चार पुस्तके घरी नेऊ द्यावीत, आणि काही पुस्तके फाटतील वा हरवतील हे गृहीत धरून त्यांची तरतूद ग्रंथालयाच्या वार्षिक खर्चातच करून ठेवावी.