अपुरे काम हीसुद्धा अमानत



मी संगणकावरील खेळांविषयी बोलणार हे ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु विषय खेळाचा नसून सचोटीचा आहे.

'माइनक्राफ्ट'सारख्या खेळात मुलांना स्वतःचा नकाशा रचता येतो. नकाशा म्हणजे भूगोलातला कागद नव्हे. ज्यात खेळाडू वावरतो ते सबंध स्थळ. आमच्या एका विद्यार्थ्याने असा आपला रत्नदुर्ग रचावयास घेतला. घोड्याच्या नालेसारखा आकार, तिन्ही बाजूंस समुद्र. तटबंदी निम्मीच झाली होती. चुका दाखवाव्यात म्हणून त्याने ती फाइल एका मित्राला दिली. मित्राने न विचारता ती इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली. कौतुकाच्या भरात मीही ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटात धाडली. परक्यांनी अर्धवट बुरुजांची थट्टा केली. एकाने तर स्वतःचे नाव घालून ती पुढे पाठविली. मुलगा मला एवढेच म्हणाला, "सर, ते अजून पुरं झालं नव्हतं." त्याने ते काम सोडले, ते आजतागायत हाती घेतलेले नाही. त्या दोषात मी भागीदार आहे, म्हणून हे बोलणे.

आपण रत्नागिरीकर. अढीतला आंबा पिकण्याआधी कोणी बाजारात नेला, तर आंबटपणाची बदनामी बागायतदाराच्या वाट्याला येते, नेणाऱ्याच्या नव्हे!

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. सप्टेंबर 2022 मध्ये रॉकस्टार कंपनीच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळाच्या नव्या भागाची, काम चालू असतानाची सुमारे 90 चित्रदृश्ये चोरून प्रसृत झाली. अपुऱ्या कामावरून लोकांनी खेळाला नावे ठेवली. कंपनीपाशी पैसा आणि वकील असतात; शाळकरी मुलापाशी केवळ उमेद असते.

"खेळच तर आहे, त्यात चोरी कसली?" असे कोणी म्हणेल. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ कृती अप्रकाशित असली तरी तिच्यावर हक्क राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम 57 अन्वये कृतीवर आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क कर्त्याला आहे. 1988 साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही लेखन व शोध यांवरील हक्क शरियतने संरक्षित मानले आहेत.

आणि कायद्याच्या आधी आपला दीन आहे. हजरत पैगंबरांना (स.) मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत. हिजरतच्या वेळी लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्याचे काम त्यांनी हजरत अलींवर सोपविले होते. सोने असो वा फाइल, विश्वासाने हाती दिलेली वस्तू ही अमानतच.

विद्यार्थी मित्रांनो, फाइल देताना आपले नाव, तारीख आणि 'अपुरे, पुढे पाठवू नये' एवढे लिहा. मूळ प्रत जवळ ठेवा. दुसऱ्याचे काम हाती आले तर आधी विचारा. चूक झालीच तर ते तात्काळ काढून टाका, पुढे गेले असेल तेथे कळवा आणि माफी मागा. पालकहो, मुलाचे चित्र वा कविता अभिमानाने पाठविण्यापूर्वी त्यालाही एकदा विचारा.

मी त्या मुलाची माफी मागितली आहे. त्याचा रत्नदुर्ग पुरा व्हावा आणि तो त्याने स्वतःच्या हाताने आपल्याला दाखवावा, एवढीच दुआ. आमीन.