एकच निवडणूक पाहिलेला मतदारसंघ



आपल्या गिरणगावाचा लोकसभेचा एक मतदारसंघ होता. नाव 'मुंबई शहर मध्य'. १९५७ साली तो जन्मला आणि १९६२ साली मोडला. एकच निवडणूक त्याने पाहिली, पण ती अशी की तिची हकीगत सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

आधी १९५२ साल आठवा. तेव्हा लालबाग-परळ 'मुंबई शहर उत्तर' मध्ये मोडत असे. तिथे जागा दोन : एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या दोन निरनिराळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत गेल्या, तर एक मत बाद! यालाच मत कुजवणे म्हणतात.

राखीव जागेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. जोडीला समाजवादी अशोक मेहता. कम्युनिस्टांचे कॉ. डांगे वेगळे उभे राहिले. एकाच चाळीतले आम्ही, पण चुली तीन! सत्तर हजारांवर मते बाद झाली. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजारांनी पडले आणि दोन्ही जागा काँग्रेसने नेल्या. मते कुजवण्याचा प्रचार झाला, ही तक्रार निवडणूक न्यायालयापुढे गेली. ती फेटाळली गेली. पण घटनेच्या शिल्पकाराला गिरणगावातून हार पत्करावी लागली, हा डाग कोणत्या निकालाने पुसायचा? दोष दुसऱ्यावर कशाला ढकला? तो आमच्या फुटीचा होता.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. गोळ्या झाडणाऱ्यांनी कोण कुठल्या पक्षाचा ते विचारले नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती झाली. फेडरेशन, कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष एका मांडवाखाली आले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढचा दिवस त्यांना दिसला नाही.

१९५७ साली मध्य मुंबईत समितीची जोडी उभी राहिली : डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने. पाच वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभे ठाकलेले पक्ष आता एका जोडीत! दोघेही निवडून आले. मतपत्रिका दोनच होत्या, पेट्याही तशाच. बदललो होतो आम्ही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ गेले. १९६२ ला मध्य मुंबईचे दक्षिण आणि उत्तर असे दोन तुकडे झाले.

बंधूंनो, मतदारसंघ कागदावर आखतात नि कागदावरच पुसतात. एकी मात्र आपल्यालाच बांधावी लागते. ती तुटली की मत कुजते, हे विसरू नका!

जय महाराष्ट्र!