वाट खुली झाली, हे कोण सांगणार?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)





संकटानंतरचं पर्यटन हा विषय सणाच्या दिवसांत कशाला, असं कुणाला वाटेल. पण २०२२ सालचा गणपती आठवा. चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. विसर्जन व्हायच्या आतच, ४ आणि ५ सप्टेंबरच्या सुमारास आपला हा सर्जापूर रोड देशभरच्या टीव्हीवर झळकला. रेनबो ड्राइव्ह वसाहतीतली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून बाहेर पडत होती. चित्र खरंच होतं. पण गावाकडच्या नातेवाइकांना वाटलं की अख्खं बंगळूर बुडालं. शहराच्या कितीतरी भागांत रोजचे व्यवहार चालू होते, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पाणी चढताना कॅमेरे येतात. ते उतरतं तेव्हा कॅमेरे पुढच्या गावाला गेलेले असतात.

आपल्याला त्याची फारशी झळ लागली नाही, कारण आपली चूल पाहुण्यांवर चालत नाही. ज्या गावांची चालते, त्यांचं काय होतं ते पाहू.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाली दापोली तालुक्यात केळशी, आंजर्ले, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळीवर मिरीचा वेल चढवायचा, सावलीत जायफळ लावायचं, अशी ती एकावर एक रचलेली शेती. पोफळ पडली की वेलही गेला आणि सावलीही. घरावरचे पत्रे काही महिन्यांत नवे घालता येतात. नव्या पोफळीला आणि माडाला मात्र फळ धरायला पाच ते आठ वर्षं लागतात. मधल्या काळात घरखर्च, मुलांची फी कशातून भागवायची? अनेक वाडीवाल्यांनी घरालगत दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या होत्या. आधार उरला तो तेवढाच, आणि तोही लॉकडाउनमुळे बंद. आपल्याला सहल म्हणजे चैन वाटते. त्या घराला ती नवी पोफळ धरेपर्यंतची शिदोरी असते.

दिवेआगरचं उदाहरण तर गणेशभक्तांनी लक्षात ठेवावं असं आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या एका वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशाचा मुखवटा सापडला, आणि आडवाटेचं हे गाव महाराष्ट्राच्या नकाशावर आलं. २४ मार्च २०१२ रोजी दरोडा पडला. दोन रखवालदारांचे प्राण गेले, मुखवटाही गेला. पर्यटक रोडावले. त्यानंतर वादळ. अखेर २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीच्या दिवशी, नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. गाव पुन्हा उभं राहतं ते असं, एकेक पाऊल टाकत. पण ते उभं राहिलं आहे हे लांबच्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं.

ते कसं सांगावं, हे मी माझ्या रेल्वेच्या कामावरून सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला महापूर आला. कामथे आणि चिपळूण या स्थानकांच्या दरम्यान वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली आणि कोकण रेल्वेच्या गाड्या थांबल्या. अशा वेळी रेल्वेची एक ठरलेली शिस्त असते. पाणी उतरलं की माणसं पायी चालत भराव, गिट्टी आणि पुलाचे खांब तपासतात. मग गाडी अगदी सावकाश सोडतात. ड्रायव्हरला लेखी कॉशन ऑर्डर मिळते: अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत वेग इतकाच ठेवायचा. खात्री पटेल तसतसा वेग वाढवतात. बिघाड दोन किलोमीटरचा असेल, तर कागदावर दोनच किलोमीटर लिहिले जातात. अख्खी लाइन खराब आहे असं कुणी लिहीत नाही, आणि सगळं ठीक आहे असंही लिहीत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात गणपतीच्या खास गाड्या चाकरमान्यांना घेऊन कोकणात गेल्या.

प्रवासाहून आलेल्या माणसाने असंच लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता जवळचं उदाहरण. आपल्यातले कितीतरी जण जोडून सुट्टी आली की वायनाडची वाट धरतात. ३० जुलै २०२४ च्या पहाटे तिथे मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. हा घाव साधा नाही. पण दोन्ही वस्त्या मेप्पाडी या एका पंचायतीतल्या, आणि बातमीत नाव लागलं सगळ्या जिल्ह्याचं. एडक्कलच्या गुहा, बाणासुर धरण, सुलतान बत्तेरी सगळं जागच्या जागी होतं. तरीही जिल्ह्यातल्या खोल्या रिकाम्या पडल्या. मडिकेरीकडच्या दरडींनंतर २०१८ साली कोडगूलाही असेच दिवस आले होते. खोली रिकामी राहिली की मालकाच्या आधी स्वयंपाकीण, जीपवाला आणि मसाले विकणारा यांची मजुरी बुडते.

म्हणून जाऊन आल्यावर चार गोष्टी लिहा. नातेवाइकांना लिहा, सोसायटीत सांगा, पुढच्या वर्षी या स्मरणिकेला द्या.

एक, तारीख लिहा. पावसाळ्यातल्या रस्त्याची महिन्याभरापूर्वीची माहिती शिळी असते.

दोन, ठिकाणाचं नेमकं नाव लिहा. कुठला घाट खुला, कुठे एकेरी वाहतूक, हे जिल्ह्याच्या नावाने कळत नाही. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, एवढी साधी गोष्टही नवख्याला उपयोगी पडते.

तीन, उणीवही लिहा. किनाऱ्यावरची झाडं पडली असतील, दुपारी सावली मिळत नसेल, तर तसं सांगा. दयेपोटी गोड लिहिलं तर पाहुणा एकदा फसेल आणि पुन्हा येणार नाही. गावाला तर तो दरवर्षी यायला हवा असतो.

चार, पैसा गावात राहील असं पाहा आणि तसंच लिहा. घरगुती खानावळ, वाडीतली सुपारी, आमसुलं, स्थानिक वाटाड्या.

आणि एक पथ्य. जायची घाई नको. वायनाडच्या दुर्घटनेनंतर पोलिसांना बघ्यांना हात जोडून सांगावं लागलं की इकडे येऊ नका, मदतकार्याचा रस्ता अडवू नका. शोधकार्य चालू असताना तिथे आपलं काम नाही. प्रशासनाने वाट खुली केली, घरमालकाने या म्हटलं, की जावं. पडलेल्या घरासमोर उभं राहून फोटो काढू नये. त्या घरात कुणीतरी राहत होतं.

निधीला पैसे देणं चांगलंच. पण देणगी घेताना माणसाला संकोच वाटतो, आणि पाहुण्याला जेवू घालून पैसे घेताना तो वाटत नाही. कष्टाचा पैसा घेऊन ताठ मानेने उभं राहण्याची संधी आपण देऊ शकतो.

विघ्नहर्त्याची पूजा करणाऱ्यांनी एवढं विघ्न तरी दूर करावं. यंदाच्या सुट्टीत अशा एका गावाला जाऊन या, आणि आल्यावर वाट खुली झाल्याचं चार जणांना नीट सांगा.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!