वाचलेल्या पाण्याचा हिशेब

पांढुर्णा व सौंसर हे तालुके 2023 साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. येथील संत्र्याच्या बागा मात्र त्याहून पुष्कळ जुन्या. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडास ताण देण्याचे शास्त्र येथील बागाईतदारास पुस्तकावाचून अवगत आहे. अडचण पाण्याची आहे. विहीर आटली की विंधन विहीर, तीही आटली की आणखी खोल! ठिबक सिंचनाने पाणी वाचते, हे खरे. परंतु वाचलेल्या पाण्यावर नवी कलमे लावली, तर भूगर्भात शिल्लक काय राहणार? अनुदान नळ्यांना मिळते, हिशेब गावानेच ठेवावयाचा असतो. तेव्हा नवी कलमे आणण्यापूर्वी शेजारच्या बागाईतदारांनी एकत्र येऊन विहिरींची पातळी मोजावी. दोर, दगड व शाळकरी वही एवढे साहित्य त्यास पुरते.