आईलाही खेळता यावं म्हणून

 

आज एका साध्या प्रश्नानं सुरुवात करते. तुमच्या घरात खेळतं कोण? बारकी पोरं खेळतात. मोठी मुलं क्रिकेट खेळतात, नाहीतर मोबाइलवर गेम खेळतात. म्हातारे बाबा लोक देवळाच्या ओट्यावर पत्ते कुटतात. आणि घरातली बाई? नागपंचमीला दोन फुगड्या, मंगळागौर असली तर एक रात्र. एरवी कुणी खेळायला बोलावलं तर आपणच म्हणतो, "आता या वयात कुठला खेळ!"

घरात कोण खेळत नाही आणि का खेळत नाही, हा विचार सुमारे वीस वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कंपनीनं मनावर घेतला. त्यातून टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम तयार झाला. त्याचं नाव वी. आजचं बोलणं त्याच्याबद्दल आहे. विकत घ्या म्हणून सांगायला मी आलेले नाही. उलट घ्यायची गरज आहे का, तेही आपण बघणार आहोत.

आधी कंपनीची ओळख करून घेऊ. तिचं नाव निन्टेंडो. जपानच्या क्योतो शहरात १८८९ साली ती सुरू झाली, तेव्हा तिथं टीव्ही नव्हता आणि व्हिडिओ गेमही नव्हते. ही कंपनी पत्ते बनवायची. त्या पत्त्यांना हानाफुदा म्हणतात. आपल्या पत्त्यांवर राजा, राणी, गुलाम असतात, त्यांच्या पत्त्यांवर झाडंफुलं असतात. बारा महिन्यांची बारा झाडंफुलं, प्रत्येकाची चार पानं, म्हणजे ४८ पत्ते. हे पत्ते लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

पुढे या कंपनीनं व्हिडिओ गेम काढले. माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल, टीव्हीला जोडून कॅसेट घालायचा गेम तालुक्याच्या गावी एखाद्याच्या घरी असायचा. त्यात लाल टोपीचा, मिशीवाला मारिओ उड्या मारत पळायचा. तो मारिओ याच कंपनीचा. शिगेरू मियामोतो नावाच्या माणसानं तो तयार केला.

आता अडचण काय झाली ते ऐका. सुरुवातीच्या गेमला हातात धरायच्या पट्टीवर मोजकीच बटणं होती. वर्षं गेली तशी बटणं वाढली. दोन्ही अंगठे आणि दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी चालवावी लागायची. लहानपणापासून खेळणाऱ्या मुलांना ते जमायचं, पण नव्या माणसानं ती पट्टी हातात घेतली की ते गांगरायचं. घरातली आई तर तिला हातच लावायची नाही. तिच्या लेखी गेम म्हणजे दिवाणखान्यातला पसारा, वायरींचं जाळं, आवाज आणि अभ्यास बुडवणारं खूळ.

कंपनीचे प्रमुख सातोरू इवाता यांचं म्हणणं असं होतं की, जे आधीच खेळतात त्यांनाच आणखी अवघड गेम विकत राहिलं तर खेळणारी माणसं वाढणार नाहीत. जे खेळत नाहीत त्यांना बोलवायला हवं. आईला हवंसं वाटेल असं यंत्र करायचं होतं, असं मियामोतो यांनीही सांगितलेलं आहे. म्हणून त्यांनी यंत्र छोटं ठेवलं. सिनेमाच्या डीव्हीडीच्या तीन डब्या एकावर एक ठेवल्या तर जेवढी जागा लागते, साधारण तेवढं. ते पटकन चालू व्हावं, आवाज करू नये, वीज कमी खावी, अशी काळजी घेतली. हातात धरायची वस्तू टीव्हीच्या रिमोटसारखी केली आणि तिला रिमोटच म्हणायचं असा इवातांनी आग्रह धरला. कारण टीव्हीचा रिमोट घरातलं प्रत्येक माणूस न घाबरता उचलतं.

वी हे नावही तसंच निवडलं. इंग्रजीत 'आपण' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याच्यासारखा त्याचा उच्चार होतो. नावातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांसारखी दिसतात.

आता हा रिमोट चालतो कसा? खेळताना बटणं दाबत बसायचं नाही, हात हलवायचा. टेनिस खेळायचं तर हातात बॅट आहे असं समजून रिमोट फिरवायचा, की टीव्हीतला खेळाडू बॅट फिरवतो. रिमोटला हे कळतं कसं? तुम्ही एसटीत उभ्या असता. गाडी सुटली की तुम्ही मागे झुकता, ब्रेक लागला की पुढे जाता. डोळे मिटले तरी गाडी काय करतेय हे अंगाला कळतं. रिमोटच्या पोटात असाच एक अगदी बारीक भाग आहे. हाताला हिसका बसला की तो भाग किंचित हलतो आणि त्यावरून हिसका कुठे आणि किती बसला हे मोजलं जातं. शिवाय टीव्हीजवळ एक पट्टी ठेवलेली असते. तिच्यातून आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड पडतो, आपल्या टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा. वीच्या रिमोटच्या टोकाला असलेला कॅमेरा तो उजेड बघतो आणि रिमोट पडद्यावर कुठे रोखलाय ते ओळखतो. ही सगळी माहिती ब्लूटूथनं यंत्राकडे जाते.

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपान आणि युरोपात हे यंत्र विक्रीला आलं. अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर होती. त्याच महिन्यात आलेलं दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र तिथं ५०० ते ६०० डॉलरला होतं. त्याच्यातली चित्रं वीपेक्षा कितीतरी सुंदर होती. तरी वी जास्त खपलं. जगभरात १० कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. अमेरिकेत त्याच्यासोबत खेळांची एक डिस्क मिळायची, तिच्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग होतं. बोलिंग म्हणजे जड चेंडू लांब पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा बाटल्यांसारख्या खुंट्या पाडायच्या. आपल्या लगोरीची लांबची बहीणच म्हणा. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत हा खेळ फार आवडीचा झाला. जड चेंडू उचलायचा नाही, हवं तर खुर्चीत बसून खेळायचं. आजी-आजोबांच्या स्पर्धा लागायला लागल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी एक पाटही काढला. हो, बसायच्या पाटासारखाच, पण त्याच्यावर उभं राहायचं. अंगणवाडीत वजनकाटा असतो, तसे चार काटे त्याच्या चार कोपऱ्यांत आहेत. उभं राहिलं की आपला भार डाव्या पायावर जास्त आहे की उजव्या, पुढे आहे की मागे, हे टीव्हीवर दिसतं. मियामोतो घरी रोज स्वतःचं वजन करून लिहून ठेवायचे, त्यातून ही कल्पना निघाली. तोल सावरण्याचा सराव करून घ्यायला काही फिजिओथेरपिस्टही हा पाट वापरायला लागले.

एवढं ऐकून वाटेल, की हे तर औषधच झालं. पण थांबा. दुसरी बाजूही ऐका.

पहिली गोष्ट, सुरुवातीला लोकांनी रिमोट इतक्या जोरात फिरवले की ते हातातून निसटून टीव्हीवर आदळायला लागले. मनगटाला अडकवायची दोरी तुटायची. कंपनीला जाड दोरी बदलून द्यावी लागली. दुसरी गोष्ट, २००७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका डॉक्टरचं उदाहरण छापून आलं. तो तासन्‌तास या गेमवर टेनिस खेळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा असा धरला की आठवडाभर गोळ्या आणि खेळ पूर्ण बंद. तिसरी गोष्ट मुलांची. इंग्लंडमधल्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या मुलांना हा गेम खेळायला लावून मोजमाप केलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा यात शरीराची शक्ती जास्त खर्च झाली, पण मैदानावर खरा खेळ खेळताना होते तेवढी नाही. म्हणजे पोरं टीव्हीपुढे हात हलवतात म्हणून मैदान बंद करू नका.

आता ज्या कारणानं मी हा विषय घेतला, ते सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात उचलेना. दवाखान्यात व्यायाम शिकवले, पण आजी कंटाळायच्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. शहरातल्या पुतण्यानं सांगितलं, "काकू, परदेशात अशा पेशंटला टीव्हीवरचा गेम खेळायला देतात. जुना मिळतोय, घेऊन टाका." ताई बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "गटातून कर्ज काढू का?" सासूसाठी सून कर्ज काढायला निघाली होती, त्यामुळे नाही म्हणायला कुणाची जीभ उचलेना.

पुतण्या खोटं बोलत नव्हता. परदेशात हा गेम पक्षाघाताच्या रुग्णांसाठी खरंच वापरून बघितला गेला. पण त्याचा पुढचा भाग त्याला माहीत नव्हता. कॅनडातल्या डॉक्टरांनी चार देशांतल्या १४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे नेहमीचे उपचार आणि व्यायाम चालूच होते. त्याच्या जोडीला निम्म्या लोकांना दोन आठवड्यांत दहा वेळा, तासतासभर वी खेळायला दिलं. उरलेल्या निम्म्यांना तेवढाच वेळ साधे खेळ दिले. चेंडू, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आणि पत्ते! दोन्हींकडच्या लोकांचे हात सुधारले. यंत्रावर खेळणारे पत्ते खेळणाऱ्यांपेक्षा पुढे गेले नाहीत.

बघा मैत्रिणींनो, ज्या कंपनीनं पत्त्यांपासून सुरुवात केली, तिचं एवढं मोठं यंत्र आणि साधे पत्ते इथं बरोबरीत सुटले.

ताईंनी कर्ज काढलं नाही. घरात सासऱ्यांच्या वेळचा पत्त्यांचा जोड होता. पत्ते म्हणजे जुगार, असं आजींनी आधी नाक मुरडलं. पण नात हटून बसली. आता रोज दिवेलागणीला दोघी खेळतात. पान उचलायचं ते उजव्या हातानंच, असा नातीनं नियम केलाय. दवाखान्यातले व्यायाम चालूच आहेत. हात पहिल्यासारखा झाला असं मी सांगणार नाही, झालेला नाही. पण आजी भिंतीकडे तोंड करून पडत नाहीत. नात शाळेतून यायची वाट बघतात आणि हरल्या की भांडतात.

म्हणून दोन गोष्टी मनात ठेवा. कुणी म्हणालं की अमुक यंत्रानं हात सुटतो, गुडघे सुधारतात, वजन उतरतं, तर पहिला प्रश्न विचारायचा, "कशापेक्षा?" काहीच न करण्यापेक्षा यंत्र बरं असेलही. पण घरातल्या फुकटच्या गोष्टीपेक्षा ते बरं आहे का, हे विचारा आणि मग पैशाला हात घाला. त्यातून हे यंत्र आता जुनं झालंय. जपानमध्ये २०१३ सालीच त्याचं उत्पादन थांबलं. जुनं घ्यायचं आणि बिघडलं तर आपल्याकडे दुरुस्त कोण करणार?

दुसरी गोष्ट, यंत्र सोडा, पण ते बनवताना त्यांनी केलेला विचार घ्या. जी व्यक्ती खेळत नाही, तिला खेळ जमावा म्हणून त्यांनी माणसाला नावं ठेवली नाहीत, खेळ बदलला. आपल्यालाही तेच करता येईल. गुडघे दुखणाऱ्या मावशीला उभ्या फुगडीचा आग्रह करू नका, तिला सागरगोटे द्या. गरोदर सुनेला झिम्म्यात ओढू नका, तिला बसून खेळायचा खेळ द्या. ज्या आजीला तोल जायची भीती वाटते, तिनं भिंतीजवळ खुर्चीवर बसून चेंडू झेलावा. आणि पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल, तर नुसतं ओरडून मोबाइल हिसकावू नका. त्याला म्हणा, "ये, माझा एक भिडू कमी पडतोय."

तर यावेळच्या बैठकीत एक करून बघा. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की लगेच उठू नका. वीस मिनिटं खेळायला ठेवा. खेळ कुठला ते गटातली सगळ्यात मोठी बाई ठरवेल. आधी दोन मिनिटं खांदे आणि मनगटं फिरवून घ्या, त्या डॉक्टरासारखा खांदा धरायला नको. ज्या बाईला खाली बसता येत नाही तिच्यासाठी एक खुर्ची मांडा. आणि "मला नाही जमत" असं कुणी म्हणालं, तर तिला सोडून पुढे जाऊ नका. तिला काय जमेल ते विचारा आणि खेळ तिथूनच सुरू करा.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.